इन्सुलिनच्या पेनवर दोन तारखा लिहा

फ्रिजच्या दारात आईची दोन अर्धवट वापरलेली इन्सुलिन पेनं सापडली. कोणतं कधी सुरू केलं, कुणालाच आठवेना. शेवटी दोन्ही फेकावी लागली, फार हळहळ वाटली.

खोक्यावरची एक्सपायरी फक्त न उघडलेल्या, २ ते ८ अंशांत ठेवलेल्या पेनसाठी असते. एकदा सुरू केलं की बरीचशी इन्सुलिनं २८ दिवसच चालतात. काही जास्त टिकतात, म्हणून आपल्या खोक्यातलं पत्रक वाचाच.

१. पेन सुरू करतानाच कागदी चिकटपट्टीवर लिहा: ‘सुरू ५ मे, बंद २ जून’. छापील एक्सपायरी आणि औषधाचं नाव झाकू नका.

२. किती दिवस पुरेल ते मोजा. ३ मिलीच्या साध्या पेनमध्ये ३०० युनिट असतात. आईला दिवसातून दोन वेळा मिळून २२ लागतात, शिवाय दोन्ही वेळा सुई तपासताना २-२ युनिट जातात. म्हणजे रोजचे २६, एक पेन अकरा दिवस. महिन्याला तीन पेनं धरायची.

३. नवं खोकं मागे, जुनं पुढे. शेवटून दुसऱ्या पेनला रबरबँड. तो हाताला लागला की त्याच दिवशी मेडिकलवाल्याला फोन.

चालू पेन एरवी खोलीत चालतं, पण मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो. तेव्हा आम्ही तेही फ्रिजच्या दारातच ठेवतो.

फ्रीझरच्या कप्प्याजवळ मात्र कधीच नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून स्वच्छ दिसलं तरी वापरू नका.