पट्टी दिवसभराची, समुद्र सकाळचा: बीच क्लबवर स्नॉर्केलिंग करताना या चुका टाळा

मनगटाला ती रंगीत पट्टी बांधली की भल्याभल्यांचं डोकं फिरतं. खाणं, पिणं, खुर्ची, टॉवेल सगळ्याचे पैसे आधीच भरलेले, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून वसुली सुरू. मी गेली कित्येक वर्षं अशा ऑल-इन्क्लुझिव्ह बीच क्लबांवर स्नॉर्केलिंगला जाते, म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघायला. पिशवीत मास्क स्वतःचाच असतो. कधी घरची मंडळी असतात, कधी मैत्रिणी. साडेदहाला दिसणारं चित्र मात्र दरवेळी तेच. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत, वरून तळाची वाळू दिसतेय, आणि आमची मंडळी बारपाशी रांगेत. हीच मंडळी अडीचला तट्ट जेवून पाण्यात उतरतात आणि साडेतीनला बाहेर येऊन जाहीर करतात, "काही नाही हो तिथे, उगाच नाव करून ठेवलंय."

दिसणार कसं? शाळेच्या भूगोलात खारे वारे शिकलो होतो, ते परीक्षेपुरतेच राहिले. दिवस चढतो तशी जमीन तापते, समुद्रावरून किनाऱ्याकडे वारा सुटतो, बारीक लाटा उठतात आणि उथळ पाण्यातली वाळू ढवळून निघते. सकाळी जिथे दहा मीटरवरचा मासा दिसत होता, तिथे दुपारी स्वतःच्या पायातल्या फिन्सचं, म्हणजे पोहण्याच्या रबरी पंखांचं, टोकही धूसर दिसतं. अगदी पहाटेही घाई नको, कारण सूर्य थोडा वर आल्याशिवाय पाण्याखालचे रंग उठत नाहीत. माझी वेळ ठरलेली आहे, साडेनऊ ते बारा. बार काही कुठे जात नाही.

हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कोणीतरी हसतं. हसणाऱ्यांत एकदा माझे धाकटे दीर होते.

भाऊजी पोहण्यात पटाईत. तलावात न थांबता पन्नास फेऱ्या मारणारा माणूस. सकाळी मी मास्क घेऊन निघाले तर म्हणाले, "वहिनी, पैसे भरलेत ना, मग आधी वसूल करू. मासे काय पळून जातात?" वसुली जेवणापर्यंत चालली, त्यात तीन ग्लास झाले. पावणेतीनला भाड्याचा मास्क आणि नळी घेऊन निघाले. फिन्स नकोत, कारण "पाय आहेत की." लाइफ जॅकेट नको, कारण "ते पोरांसाठी."

त्या दिवशी पाण्याला किनाऱ्यालगत डावीकडे ओढ होती. ओढीबरोबर पोहताना ती अजिबात जाणवत नाही. उलट वाटतं, आज आपण काय सुसाट पोहतोय! भाऊजींनाही तेच वाटलं. वीस मिनिटांनी डोकं वर काढलं तर आमच्या छत्र्या काडेपेटीएवढ्या. ते वळले आणि परत यायला लागले. मी खुर्चीवरून त्यांची नारिंगी नळी बघत होते. नळीच्या मागे शेजारच्या धक्क्याचा एक खांब होता. पाच मिनिटं झाली, नळी खांबासमोर. दहा मिनिटं झाली, तरी नळी त्याच खांबासमोर, फक्त हात जास्त जोरात चाललेले. मग त्यांनी मास्क कपाळावर सरकवला. पाण्यात कोणी असा मास्क वर सारला की माझ्या पोटात गोळाच येतो. माणूस दमलेला असतो नाहीतर घाबरलेला, आणि कपाळावरचा मास्क पुढच्या लाटेला उडून जातो. मी उठून जीवरक्षकाकडे पळाले, पण त्याने कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, आधीच पाण्यात ढकलली होती. भाऊजी तिच्या मागच्या टोकाला लोंबकळत परत आले. ओठ पांढरे, आणि सलग उचक्या. अर्ध्या तासाने तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं, "पण मला तर पोहता येतं."

मला सगळ्यात जास्त चीड याची येते की ते किनाऱ्यापासून जेमतेम चाळीस मीटरवर होते. ओढीशी भांडत बसण्याऐवजी किनाऱ्याकडे तोंड करून पोहले असते, तर थोडे वाहत-वाहत का होईना, वाळूला लागले असते आणि चालत परत आले असते. पण प्रत्येकाला परत यायचं असतं ते आपल्याच छत्रीसमोर.

तेव्हापासून आमच्या गटाला मी एकच गोष्ट सक्तीने करायला लावते. कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून पालथं व्हायचं आणि मिनिटभर हातपाय न हलवता तरंगायचं. नजर तळावरच्या एखाद्या दगडावर. दगड ज्या बाजूला सरकताना दिसतो, त्याच्या उलट दिशेला पाणी तुम्हाला नेतंय. मग सुरुवात ओढीच्या विरुद्ध करायची, अंगात दम असतानाच. परत येताना पाणीच आणून सोडतं. याला ना यंत्र लागतं ना पैसे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

लाटा फुटणाऱ्या किनाऱ्यावरची, सरळ आत समुद्राकडे खेचणारी ओढ वेगळी. तिच्यातून किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला निघायचं आणि मगच किनाऱ्याकडे वळायचं. अशा ओढीचा वेग सेकंदाला २.४ मीटरपर्यंत मोजला गेला आहे. ऑलिंपिकमधला जलतरणपटूही याहून हळू पोहतो, तेव्हा तलावातल्या फेऱ्यांचा हिशेब तिथे कामाचा नाही. असा किनारा असेल तर त्या दिवशी स्नॉर्केलिंगचा हट्ट सोडा आणि खुशाल बारपाशी बसा. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर पाणी अगदी गुळगुळीत दिसतं आणि लोक खूश होतात. हवेच्या गाद्या आणि त्यांवर झोपलेली माणसं आत निघून जातात ती अशाच दिवशी.

"मास्क खराब आहे"

दुसरं माझं जुनं दुखणं. भाड्याच्या काउंटरवर सकाळपासून हे वाक्य ऐकू येतं. मास्क क्वचितच खराब असतो. धुकं धरतं ते चेहऱ्याच्या उबेने आणि नाकातून सुटलेल्या श्वासाने. ही दमट हवा गार काचेला लागते आणि काचेवरच्या तेलकट कणांना धरून तिचे थेंब जमतात. म्हणजे काच स्वच्छ हवी आणि श्वास तोंडाने. नवा मास्क असेल तर आतल्या काचेवर कारखान्यातूनच सिलिकॉनचा पातळ थर आलेला असतो. तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने, बोटाने, दोन-तीनदा घासून काढावा लागतो, आणि तेही घरी. क्लबवर पोचल्यावर पाकीट फोडणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडून दिलंय.

पाण्यात जाण्याआधी कोरड्या काचेवर थुंकायचं, बोटाने पसरवायचं, एकदाच हलकं विसळायचं आणि लगेच चेहऱ्यावर. नाकं मुरडणारे मुरडोत. घाण वाटत असेल तर पाण्यात पातळ केलेला बेबी शॅम्पू चालतो. मी लहान बाटलीत भरून नेते आणि तो दुसऱ्यांनाच वाटते. स्वतः थुंकते. लोक करतात काय, तर आधी मास्क समुद्रात बुडवतात, मग थुंकतात, मग खळाखळा धुऊन सगळंच काढून टाकतात, आणि मग वीस मिनिटं कपाळावर ठेवून गप्पा मारतात. कपाळाची वाफ आत भरते आणि खापर फुटतं काउंटरवरच्या पोरावर.

पाणी शिरतंय म्हणून पट्टा आवळणं ही त्याचीच जुळी बहीण. पट्टा मास्क जागेवर ठेवण्यापुरता असतो, पाणी अडवते ती सिलिकॉनची कड. जास्त आवळलं की कड वाकडी होते आणि पाणी आणखी शिरतं, शिवाय संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं. काउंटरवरच तपासा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर दुसरा मागा, लाजू नका. कडेखाली एक केस अडकला तरी पाणी झिरपतं. मिशीवाल्यांनी वरच्या ओठावर थोडं व्हॅसलिन लावावं. थोडं पाणी तरीही येणारच. मास्कची वरची कड कपाळाला दाबून नाकाने जोरात श्वास सोडला की ते खालून निघून जातं. हे छातीएवढ्या पाण्यात तीनदा करून बघा. नवशिक्यांना एवढाही धीर नसतो, त्यांना थेट कासव हवं असतं.

पूर्ण चेहऱ्याचा मास्क घेऊन येणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. नळी तोंडात धरायची सवय दोन मिनिटांत लागते, ती टाळण्यासाठी नाक-तोंड दोन्ही एका डब्यात बंद करायचं. पाणी शिरलं तर पटकन काढता येत नाही, आणि नाक चिमटीत धरता येत नसल्याने डुबकी मारून कानांवरचा दाबही सोडता येत नाही.

श्वासाबद्दल एवढंच, की सावकाश घ्या आणि पूर्ण सोडा. नळीत थोडी वापरलेली हवा उरतेच. कुत्र्यासारखं धापा टाकत राहिलं तर तीच हवा आत-बाहेर होते आणि छाती भरल्यासारखी वाटते. असं वाटलं की हातपाय थांबवून पाठीवर व्हा. तरीही दम लागत असेल तर त्या दिवसापुरतं बाहेर या आणि सोबतच्याला सांगा. एकट्याने तर उतरूच नका.

समोर वाळू आणि अपेक्षा प्रवाळाची

बीच क्लब वसवतात तो खुर्च्यांसाठी छान असलेल्या किनाऱ्यावर, म्हणजे मऊ, सपाट वाळूवर. माशांना वाळूत फारसं काम नसतं. ते असतात खडकांपाशी, धक्क्याच्या खांबांभोवती, समुद्री गवताच्या कडेला. त्यामुळे पैसे भरण्याआधी विचारा, "किनाऱ्यावरून पोहत गेलं तर दगड किती अंतरावर आहेत? ते पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या दोराच्या आत आहेत की बाहेर?" बाहेर असतील तर तिथे बोटी आणि जेट-स्की फिरतात, आणि चालवणाऱ्याला तुमची नळी दिसत नाही. दुसरा प्रश्न म्हणजे सामान पॅकेजमध्ये आहे का. 'सगळं समाविष्ट' यात मास्क, लॉकर आणि कधीकधी टॉवेलसुद्धा नसतो, किंवा अनामत मागतात.

आता बाकीच्या चुका भराभर.

फिन्स घालून वाळूवरून पुढे चालू नका. कमरेएवढ्या पाण्यात घाला, नाहीतर उलटं चाला. वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चला, म्हणजे खाली दडलेली पाकट, शेपटीला काटा असलेला तो चपटा मासा, आधीच सरकते. खडकांवरून उतरायचं असेल तर पाण्यातले बूट हवेतच, कारण सी-अर्चिनचे, म्हणजे खडकांना चिकटलेल्या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याचे, काटे साध्या चपलेला दाद देत नाहीत.

प्रवाळावर उभं राहू नका, मग मास्कमध्ये कितीही पाणी असो. तो दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. गोल दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं, म्हणजे तुमच्या टाचेखाली एखाद्याच्या आयुष्याएवढं काम असू शकतं. पोहणं कच्चं असेल तर फुगवायचं जॅकेट घाला, म्हणजे उभं राहायची वेळच येत नाही. माशांना पाव घालणाऱ्यांना तर मी तोंडावर बोलते.

उन्हाने भाजते ती पाठ, मान आणि गुडघ्यांची मागची बाजू. पाणी गार असल्यामुळे कळत नाही, रात्री अंथरुणावर पडल्यावर कळतं. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट हे माझं उत्तर, म्हणजे क्रीम फक्त पायांना आणि मानेला. ते उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं, कपाळाला मात्र नाही. ते ओघळून मास्कमध्ये येतं आणि डोळे असे चुरचुरतात की मासे राहतात बाजूला. क्रीमची बाटली उलटी करून घटकही वाचा. प्रवाळाला घातक समजली जाणारी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईमध्ये २०२१ पासून बंदी आहे, आणि प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने तर २०२० मध्येच असली क्रीम्स बंद केली.

पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात. त्यामुळे "एवढा मोठ्ठा मासा" ऐकून मी मनातल्या मनात थोडा कापते.

अंगठ्या खोलीवरच ठेवा. पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. फोनच्या प्लास्टिक पिशवीवर भरवसा ठेवायचा असेल तर आधी आत कोरडा कागद घालून बादलीत बुडवून बघा. आणि पाण्याखाली स्क्रीनला स्पर्श कळत नाही, म्हणून कॅमेरा किनाऱ्यावरच सुरू करा आणि फोटो आवाजाच्या बटणाने काढा. हे माहीत नसलेली माणसं कासवासमोर फोनवर बोटं आपटत राहतात, आणि कासव निघून जातं.

शेवटची गोष्ट सामान परत करण्याची. भाड्याचं काउंटर बहुतेक ठिकाणी क्लबच्या आधी बंद होतं आणि शेवटच्या अर्ध्या तासात तिथे लांबलचक रांग लागते, अनामत अडकलेली असते आणि बाहेर गाडी थांबलेली असते. मी बाराला बाहेर येते, मास्क गोड्या पाण्यात विसळून सावलीत ठेवते, भाड्याचे फिन्स तेव्हाच देऊन टाकते आणि मग बारकडे वळते. त्या वेळी तिथे फारशी गर्दीही नसते. सगळे जेवणाच्या रांगेत असतात.