लिनक्स कर्नलमधील विनावापर ट्रेसपॉइंट काढताना

कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, कोणता पाठवावा, असे कोणी विचारले की मी हल्ली विनावापर ट्रेसपॉइंट (कर्नलमध्ये काय घडते ते नोंदवण्यासाठी घोषित केलेले, पण कोडमधून कुठूनच कॉल न होणारे बिंदू) काढण्याचे काम सुचवतो, कारण टिप्पण्यांतले शुद्धलेखन सुधारण्यापेक्षा ते उपयोगाचे आहे आणि एखाद्या उपप्रणालीचा इतिहास वाचणे त्यात टाळता येत नाही.

ट्रेसपॉइंट बंद असताना त्याच्या जागी काहीही न करणारी सूचना असते, म्हणून तो फुकट आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ट्रेस_इव्हेंट मॅक्रोने (थोडक्या ओळींतून पूर्ण कोड तयार करणाऱ्या सोयीने) घटना, म्हणजे ट्रेसपॉइंट आणि त्याची नोंद, घोषित केली की तिच्या नोंदीची रचना, छपाईचा साचा आणि चाळणीसाठी लागणारी माहिती तयार होते, मग ती घटना कोणी वापरो वा न वापरो. ट्रेसिंगचे मेंटेनर (तो भाग सांभाळणारे) स्टीव्हन रोस्टेड यांच्या अंदाजाप्रमाणे हा खर्च एका घटनेमागे सुमारे ५ किलोबाइटपर्यंत जातो, आणि म्हणूनच त्यांनी २०२५ मध्ये असे विनावापर ट्रेसपॉइंट बिल्डच्या (कर्नल संकलित करण्याच्या) वेळी ओळखण्याची सोय मांडली.

माझा पहिला पॅच फसला. घटनेच्या नावाला ‘ट्रेस_’ जोडून मी गिट ग्रेप (कोडमध्ये शब्द शोधणारी आज्ञा) चालवले, एकही कॉल सापडला नाही, लॅपटॉपवर बिल्ड झाला, आणि मी पॅच पाठवून मोकळा झालो. पण कॉल होता; तो एका मॅक्रोत नावाचे दोन तुकडे जोडून तयार होत होता आणि तो ज्या ड्रायव्हरमध्ये होता तो माझ्या कॉन्फिगरेशनमध्ये (बिल्डसाठी निवडलेल्या भागांत) नव्हताच. ‘कोणत्या कॉन्फिगवर बिल्ड केलेत?’ एवढेच मेंटेनरचे उत्तर आले. तेव्हापासून मी ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सगळे भाग मॉड्यूल म्हणून निवडणारे कॉन्फिगरेशन) आणि निदान एका वेगळ्या आर्किटेक्चरवर बिल्ड केल्याशिवाय पॅच पाठवत नाही.

खरा वेळ जातो तो शेवटचा कॉल केव्हा आणि का गेला हे शोधण्यात. गिट लॉगला (बदलांचा इतिहास दाखवणाऱ्या आज्ञेला) मोठ्या ‘एस’चा पर्याय आणि कॉलचे नाव दिले की तो कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, सापडतो. ज्या फंक्शनमध्ये कॉल होता तेच काढले गेले असेल, तर ट्रेसपॉइंट निर्धास्तपणे काढावा. पण कोडची फेरमांडणी करताना कॉल चुकून गळाला असेल, तर तो परत बसवणे हीच दुरुस्ती असते, आणि नवख्याचा हात नेमका इथे घाईने ‘डिलीट’कडे जातो. कॉल कधीच नव्हता असेही आढळते; तेव्हा मेंटेनरला विचारावे.

वापरकर्त्यांच्या साधनांचाही विचार करावा लागतो. बिग कर्नल लॉक (पूर्ण कर्नलसाठी असलेले जुने एकच कुलूप) गेल्यावर निरर्थक ठरलेले एक फील्ड २०११ मध्ये ट्रेस नोंदींतून काढले गेले, तेव्हा नोंदीची मांडणी कायम आहे असे धरून चालणारे पॉवरटॉप (वीजवापर मोजणारे साधन) बिघडले आणि ती जागा पुन्हा भरावी लागली. कधीच न उमटणाऱ्या घटनेबाबत हा धोका कमी असतो, तरी तिचे नाव ट्रेसएफएसमध्ये (वापरकर्त्याला ट्रेसिंग फाइल्सच्या रूपात दाखवणाऱ्या फाइल प्रणालीत) दिसत असते.

पॅच उपप्रणालीनिहाय वेगळे करावेत, आणि शेवटचा कॉल काढणाऱ्या कमिटचा १२ अक्षरी क्रमांक शीर्षकासह वर्णनात द्यावा. एका इव्हेंट क्लासमधल्या (सारख्या नोंदींच्या घटनांच्या सामायिक व्याख्येतल्या) सगळ्या घटना गेल्या तर तो क्लासही काढावा. माझ्या दुसऱ्या पॅचमध्ये तो तसाच राहिला होता आणि त्यापायी मला दुसरी आवृत्ती पाठवावी लागली.