फाल्गुन-चैत्रातील वादळी पावसाचा विभागीय अंदाज कसा वाचावा

मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात असे काही दिवस येतात, की उन्हाची तलखी एकाएकी ओसरते, दुपारनंतर आभाळ भरून येते, सोसाट्याचा वारा सुटतो आणि एका शिवारात सर कोसळत असताना शेजारच्या गावात नुसती धूळ उडत राहते. अशा दिवसांचा अंदाज पाहताना आपली नजर आधी पावसाच्या आकड्याकडे जाते. ती आधी वाऱ्याच्या आकड्याकडे जायला हवी, असे माझे ठाम मत आहे. या काळात एकूण पाऊस बहुधा थोडाच पडतो. गहू आडवा होतो, कैऱ्या गळतात, पत्रे उडतात ते वाऱ्याने आणि गारांनी, आणि माणसे व जनावरे दगावतात ती विजेने.

हे हवामान कशामुळे तयार होते, हे थोडक्यात समजून घेतले की अंदाजातील शब्द परके वाटत नाहीत. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, सरकत असतो आणि त्याच्यासोबत वरच्या थरांत थंड हवा येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प येते आणि खालची जमीन मात्र उन्हाने तापलेली असते. विदर्भापासून कर्नाटकापर्यंत वाऱ्यांची दिशा बदलणारी एक रेषा अनेकदा तयार होते व तिच्या आसपास ढग उंच वाढतात. बातमीपत्रात ‘वारा खंडितता रेषा’ असा उल्लेख आला, तर तो याच पट्ट्याविषयी असतो. मार्चमध्ये गोठणबिंदूची पातळी, म्हणजे हवेचे तापमान शून्य अंश होते ती उंची, मे महिन्याच्या तुलनेने खाली असल्याने गारा वितळण्यापूर्वीच जमिनीवर पोहोचतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस सुरू होऊन मार्चमध्ये लांबलेल्या गारपिटीने मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रातील उभी पिके कशी झोडपली, ते त्या भागातील शेतकरी विसरलेले नाहीत.

अंदाज वाचण्याची सुरुवात आपल्या विभागापासून करावी. भारतीय हवामान विभाग राज्याचे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग धरतो. विदर्भाचे अंदाज नागपूरच्या प्रादेशिक केंद्रातून आणि उरलेल्यांचे मुंबईतून निघतात. मध्य महाराष्ट्र म्हणजे जळगावपासून कोल्हापूरपर्यंतचा लांबलचक पट्टा आहे, त्यामुळे त्या नावापुढे लिहिलेला पाऊस नाशिकला लागू असेल आणि सांगलीला नसेल, हे सहज शक्य आहे. म्हणून उपविभागावरून एकूण चित्र समजून घ्यावे व लगेच जिल्हानिहाय इशाऱ्याकडे वळावे.

त्यानंतर ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’ यांसारख्या शब्दांकडे लक्ष द्यावे, कारण ते सैलपणे वापरलेले नसतात. तुरळक म्हणजे त्या क्षेत्रातील एक चतुर्थांशापर्यंत पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस, काही ठिकाणी म्हणजे सुमारे निम्म्यांपर्यंत, अनेक ठिकाणी म्हणजे पाऊणपर्यंत आणि बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याहून अधिक. वळवाच्या पावसाचा अंदाज बहुतेक वेळा ‘तुरळक ठिकाणी’ असाच असतो. आपल्या गावात थेंबही पडला नाही म्हणून तो अंदाज चुकला असे ठरत नाही, आणि दोन वेळा कोरडे गेले म्हणून तिसऱ्या वेळी खळ्यावरचा माल उघडा ठेवणे तर अजिबात शहाणपणाचे नाही. ‘आज’ या शब्दाची मुदतही पाहावी: हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला बदलतो, त्यामुळे आजचा अंदाज उद्या सकाळी ८.३० पर्यंत लागू असतो आणि रात्रीची सर त्यातच मोजली जाते.

आता वाऱ्याकडे येऊ. इशाऱ्यात ‘ताशी ३० ते ४० किलोमीटर’ किंवा ‘५० ते ६० किलोमीटर’ असे लिहिलेले असते, आणि हे आकडे ऐकायला फारसे वेगळे वाटत नाहीत. परंतु वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा ६० झाला की ताडपत्रीवर, शेडनेटवर किंवा फळांनी लदलेल्या फांदीवर पडणारा दाब चौपट होतो. साधारण ४० ते ५० च्या वाऱ्यात मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरणे कठीण जाते. ५० ते ६० च्या वाऱ्यात अख्खी झाडे डोलतात आणि वाऱ्याविरुद्ध चालताना त्रास होतो. म्हणून ३०-४० असेल तर ताडपत्रीच्या कडा मातीच्या पोत्यांनी दाबून भागते, पण ५०-६० असेल तर ताडपत्रीवर विसंबू नये आणि माल छपराखाली हलवावा. गव्हाला पाणी देण्याची पाळी असेल तर वाऱ्याचा इशारा असताना ती पुढे ढकलावी, कारण ओल्या, भुसभुशीत जमिनीतील उभे पीक जोराच्या झोताने सहज लोळते. फवारणीही थांबवावी, वाऱ्याने औषध भलतीकडे जाते आणि पावसाने उरलेले धुऊन जाते.

इशाऱ्याचा रंग हा धोक्याची शक्यता आणि त्याचा परिणाम या दोन्हींचा मिळून ठरतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे कृती करा. वादळी पावसाच्या बाबतीत पिवळ्यालाही गांभीर्याने घ्यावे, कारण एक वीज पडायला लाल रंगाची गरज नसते.

प्रत्यक्ष त्या दिवशी मात्र कालच्या अंदाजावर थांबू नये. पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज जिल्ह्यागणिक प्रसिद्ध होतो आणि दुपारी दोननंतर तो पुन्हा पुन्हा पाहावा. मुंबई, नागपूर आणि गोवा येथील ढगांचा वेध घेणाऱ्या डॉपलर रडारच्या चित्रांत ढग कोणत्या दिशेने सरकत आहेत, हेही दिसते. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलवर असावे. याच्या जोडीला आभाळाचे वाचन हवेच. घुसमटलेल्या दुपारी वारा एकदम पडणे, पश्चिमेला किंवा दक्षिणेला काळाभोर ढग उभा राहणे आणि त्या बाजूने अचानक गार झुळूक येणे, असा क्रम दिसला की हातात अगदी थोडा वेळ उरला आहे असे समजावे; ती गार झुळूक म्हणजे ढगातून खाली कोसळून पसरलेली हवा असते आणि तिच्यामागोमाग झोत येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि त्यांना तीनने भागावे, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये कळते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर पक्क्या घरात जावे, झाडाखाली मुळीच थांबू नये, जनावरेही झाडाला बांधू नयेत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

कामांची आखणी पिकावर ठरते. हिंगोली-वसमतकडे शिजवून वाळत घातलेली हळद भिजली तर तिचा रंग आणि भाव दोन्ही जातात, म्हणून पिवळा इशारा आला तरी ती गोळा करून झाकावी. काढलेला उन्हाळी कांदा शेतात पातीखाली सुकत असेल तर तो लगेच आडोशाला न्यावा, पण ओला कांदा चाळीत भरू नये, तो आतून सडतो. तासगाव परिसरातील बेदाण्याच्या शेडचे पडदे वाऱ्याच्या बाजूने आधी बांधावेत. द्राक्षबागेत काढणीयोग्य घड असतील तर इशाऱ्याच्या आदल्या दिवशीच उतरवणे बरे, कारण पावसाने मणी तडकतात. कोकणातल्या आंबा बागायतदाराच्या हाती वाऱ्यापुढे फारसे काही नसते. तयार फळ आधी काढणे, एवढेच.

गारव्याबद्दल एक गैरसमज आढळतो. ढगांमुळे दुपारचे तापमान काही अंशांनी उतरते, परंतु रात्री तेच ढग उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे पहाट अपेक्षेइतकी थंड नसते. झंझावात पूर्वेकडे सरकून कोरडे वायव्य वारे सुरू झाले, की आकाश निवळते आणि पहाटे खरा गारवा जाणवतो. मधल्या दिवसांतील स्वच्छ सकाळ मात्र फसवी असते. त्याच उन्हाने जमीन तापते आणि दुपारी पुन्हा ढग चढतात. म्हणून अंदाजात ‘कोरडे हवामान’ सलग दोन दिवस दिसेपर्यंत झाकलेला माल दुपारपूर्वी थोडा वेळ उघडून वाफ जाऊ द्यावी आणि दोनच्या आत पुन्हा झाकावा. थांबवलेली काढणी असे दोन कोरडे दिवस दिसल्यावरच सुरू करावी.