खाडीकाठच्या फुकट रनला येताय? मग या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास हवा जरा बदलली की नेरूळला खाडीकाठच्या आमच्या रविवारच्या रनला नवीन चेहरे दिसायला लागतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचं वारं असतं, सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकलेले असतात, कोणाला डॉक्टरने शुगर वाढली म्हणून सांगितलेलं असतं, आणि एवढी माणसं पहाटे उठून आलेली बघून खरंच खूप बरं वाटतं. ५ किमी, दर आठवड्याला, फी एक रुपया नाही, धावा नाहीतर चाला. पण दर सीझनला तेच तेच घोळ होतात. मी बऱ्याचदा स्कॅनिंगच्या टेबलावर असते, तिथून जे दिसतं ते सगळं एकदा लिहून टाकते.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. फी नाही म्हणजे ती रन आपोआप होत नाही, कोणीतरी साडेचारला उठून कोन लावतं, रस्ता झाडून काचा उचलतं, टोकन मोजतं, आणि आपण केलेली जवळपास प्रत्येक चूक शेवटी त्या माणसाच्या डोक्यावर येते.

रिझल्टमध्ये माझं नाव का नाही?

सगळ्यात जास्त येणारा मेसेज हाच. त्यासाठी ही सिस्टीम चालते कशी ते समजून घ्या, ती मूळची इंग्लंडची आहे. २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट यांनी ओळखीच्या लोकांसाठी ५ किमीची टाइम ट्रायल, म्हणजे वेळ नोंदवून धावणं, ठेवली, दुखापतीमुळे त्यांना स्वतःला धावता येत नव्हतं. १३ जण धावले, आणि फिनिशला टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर नंबर ठोकून दिले होते. त्याचंच पुढे पार्करन झालं, आज ते कितीतरी देशात शनिवारी सकाळी होतं. आमची रन काही पार्करन नाही, पण टोकन आणि बारकोडची पद्धत तीच उचललीये, कारण कमी खर्चात यापेक्षा सोपं काही सापडलं नाही.

तर होतं असं, फिनिशला एकजण स्टॉपवॉच घेऊन उभा असतो, तो फक्त बटण दाबतो, कोण आलं ते त्याला माहीत नसतं, त्याच्याकडे पहिला टाइम, दुसरा टाइम, तिसरा टाइम एवढीच यादी असते. पुढे दोरीच्या गल्लीत दुसरी व्यक्ती त्याच क्रमाने नंबरचं टोकन हातात देते. मग टेबलावर आम्ही तुमच्या नावाचा बारकोड आणि ते टोकन स्कॅन करतो, तेव्हा कुठे नाव आणि टाइम एकत्र येतात. आता विचार करा, लाइन क्रॉस करून एखादा माणूस दोरीखालून वाकून पाणी प्यायला निघून गेला तर काय होईल? त्याचा टाइम नोंदला गेला पण टोकन पुढच्या बाईच्या हातात पडलं, आणि तिथून मागे सगळ्यांचे टाइम एक एक घर सरकले. एक माणूस बाहेर गेला म्हणून साठ लोकांचा रिझल्ट चुकतो, आणि दुपारी जेवण बाजूला ठेवून कोणीतरी तो दुरुस्त करत बसतं.

म्हणून गल्लीत ओव्हरटेक नको, थांबून घड्याळ बघणं नको, सेल्फी तर अजिबात नको, ज्या क्रमाने आलात त्याच क्रमाने पुढे चालत राहा. बायकोला किंवा मुलाला शेवटच्या शंभर मीटरला साथ द्यायची असेल तर जरूर द्या, फक्त लाइनच्या आधी बाजूला व्हा, नाहीतर बटण दोनदा दाबलं जातं.

बारकोड विसरलात तर धावायला कोणी अडवणार नाही पण रिझल्टमध्ये तुम्ही 'अनोळखी' म्हणून जाल, त्यावर टेबलावरच्या मुलीशी वाद घालून उपयोग नाही. फोनवर बारकोड ठेवत असाल तर आदल्या रात्री स्क्रीनशॉट काढा, नेट नसेल तरी चालतो. घामाने स्क्रीन ओली असली की स्कॅन होत नाही, पुसा आणि ब्राइटनेस फुल करा. सगळ्यात भरवशाचं म्हणजे कागदावर प्रिंट काढून वरून सेलोटेप मारा आणि खिशात टाका, तो पावसातसुद्धा टिकतो. टोकन चुकून घरी गेलं तर लाजू नका, त्याच दिवशी नंबर मेसेज करा आणि पुढच्या रविवारी आणून द्या, कारण मधला एक नंबर गायब असला की पुढच्या वेळी वाटणाऱ्याचा क्रम चुकतो. टाइम चुकीचा वाटला तर टोकन नंबर आणि तुमच्या घड्याळातला टाइम दोन्ही कळवा, मग दुरुस्ती सोपी होते.

आणि हो, 'माझ्या घड्याळात ४.९२ आलं, तुमचा रूट कमी आहे' हे पण दर आठवड्याला असतंच. रूट चाकाने मोजलेला आहे. जीपीएस घड्याळ दर थोड्या वेळाने एक ठिपका घेतं आणि ठिपके सरळ रेषेने जोडतं, त्यामुळे तलावाभोवतीची वळणं आणि यू टर्न ते आतून कापतं, झाडाखाली आणि टॉवरजवळ अजून हलतं. घड्याळात ५.०० दिसेपर्यंत गल्लीतच पुढे मागे पळू नका प्लीज.

पहिला किलोमीटर

नवीन माणूस हमखास पुढच्या रांगेत उभा राहतो आणि शिट्टी वाजली की सुटतो, आठव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून ट्रॅकच्या मधोमध उभा असतो आणि मागून येणारे त्याला धडकता धडकता वाचतात. आपल्या स्पीडप्रमाणे मध्ये किंवा मागे उभं राहा. पहिला किलोमीटर इतका हळू जा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांत धाप लागत असेल तर स्पीड जास्त आहे. चालायचं असेल तर डाव्या कडेला येऊन, मागे बघून मग चाला.

उशिरा येणारे ब्रीफिंग चुकवतात आणि मग वळायचं कुठे ते त्यांना कळत नाही. हार्बर नाहीतर ठाण्याहून ट्रान्सहार्बरने येत असाल तर रविवारचं टाइमटेबल बघून निघा, रविवारी गाड्या कमी असतात. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो, म्हणजे सहाला चांगलाच अंधार, तेव्हा काळे कपडे घालून पाम बीच रोडच्या कडेने वॉर्मअप करत येऊ नका. त्या रस्त्यावर गाड्या किती जोरात जातात ते नवी मुंबईकरांना सांगायला नको.

दमट हवा समजून घ्या

यावर जरा जास्त लिहिते कारण यात जिवाचा प्रश्न आहे. घाम येऊन शरीर थंड होत नाही, घाम वाळला तर थंड होतं, आणि खाडीकाठी ऑक्टोबरमध्ये किंवा मे-जूनमध्ये हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, नुसता गळतो. त्यामुळे पुण्याला किंवा नाशिकला ज्या स्पीडने तुम्ही आरामात धावता त्याच स्पीडला इथे हार्ट रेट बराच वर जातो. हा तुमचा स्टॅमिना कमी झालेला नसतो, हवेचा परिणाम असतो, अशा दिवशी टाइमचा नाद सोडून द्यायचा. बरेच जण उलट करतात, मागच्या आठवड्यापेक्षा टाइम वाईट येतोय म्हणून शेवटच्या किलोमीटरला अजून जोर लावतात.

५ किमीला बाटलीभर पाणी सोबत लागत नाही, निघायच्या अर्धा तास आधी एक ग्लास घ्या, संपल्यावर लिंबू सरबत किंवा ओआरएस. एकदम उपाशी पोटी ज्यांना चक्कर येते त्यांनी अर्धं केळं नाहीतर दोन खजूर खावेत, आणि डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी धावू नका. आदल्या रात्री हळदीत किंवा लग्नात जागरण झालं असेल, ताप येऊन गेला असेल, तर त्या रविवारी चाला नाहीतर टाळ्या वाजवायला या.

धावताना छातीत दुखणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंडी वाजल्यासारखं होणं, डोळ्यापुढे अंधारी, बोलणं असंबद्ध होणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि जवळच्या मार्शलला, म्हणजे वळणावर उभ्या असलेल्या व्हॉलंटिअरला, सांगा. दुसऱ्या कोणाला असं होताना दिसलं तर त्याला एकटं सोडून टाइम करायला पुढे जाऊ नका, सावलीत घ्या, उन्हाने झालेलं वाटत असेल तर मानेवर, काखेत, डोक्यावर पाणी ओता, एकाने १०८ ला फोन लावा. आणि प्रत्येकाने बारकोडच्या कागदामागे घरच्या माणसाचा नंबर लिहावा. एवढं तरी कराच.

थंडीत वेगळा त्रास, हवा खाली साचून राहते, धूर धूळ सगळं सकाळीच जास्त. दमा असेल तर निघण्याआधी एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे त्याचा आकडा, बघा.

ट्रॅक आपल्या एकट्याचा नाहीये

नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई असो, वाशीचं मिनी सीशोर असो किंवा ठाण्याला उपवनचा काठ, तिथे आपल्या आधीपासून माणसं येतात. काठी घेऊन चालणारे आजोबा, हास्यक्लबवाले, योगा करणाऱ्या मावश्या, बाबागाडी ढकलणारे आईबाबा. चारजण हातात हात घातल्यासारखे आडवे पळत आले की त्या आजोबांनी जायचं कुठे? दोनच्या वर आडवं नको. मागून येताना ओरडू नका, 'काका, उजवीकडून येतोय' असं लांबूनच नीट सांगा, ते दचकले तर पडतील आणि त्या वयात पडणं म्हणजे खुबा मोडणं. दोन्ही कानात हेडफोन घातलात तर मागचा असं सांगत असेल ते तुम्हाला ऐकूच येणार नाही. स्पीकरवर गाणी लावून पळू नका. कुत्रा आणलात तर पट्टा आखूड आणि हातात. मुलांबाबत पार्करनचा नियम चांगला आहे, ११ वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर हवं, आम्ही तोच पाळतो कारण एका बाजूला पाणी आहे.

आणि ते पाणी, ती खारफुटी. लोक विचारतात ओहोटीला वास का येतो, तर तो खारफुटीच्या चिखलात पाला कुजताना तयार होणाऱ्या गॅसचा असतो, गटार फुटलंय असं दरवेळी समजू नका. आपले होल्डिंग पाँड शोभेसाठी बांधलेले नाहीत, भरतीला खाडीचं पाणी शहरात शिरू नये आणि पावसाचं पाणी ओहोटी येईपर्यंत साठून राहावं म्हणून आहेत, त्यामुळे एनर्जी जेलची पाकिटं, केळ्याची सालं, कागदी कप त्यात टाकू नका. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं, आणि पक्षी काही अभयारण्याची हद्द बघून उतरत नाहीत, नोव्हेंबर ते मे आपल्याकडच्या पाणथळीतही येतात. सकाळच्या उन्हात ते गुलाबी थवे बघून थांबावंसं वाटणारच, थांबा, पण कडेला होऊन, यू टर्नच्या कोनवर उभं राहून व्हिडिओ नको, टाळ्या वाजवून त्यांना उडवायचं तर नाहीच नाही.

पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, ओले ब्लॉक आणि गटाराची लोखंडी झाकणं दोन्ही निसरडी असतात, तिथे छोटी पावलं टाका आणि वळताना स्पीड सोडा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच सकाळी असला तर आम्ही रन रद्द करतो, ग्रुपवर बघून निघा.

बुटांचं थोडक्यात, नवीन बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका, जाड कॉटनचा टीशर्ट भिजून घासतो, घासतं तिथे खोबरेल लावा. गुडघा किंवा नडगी दुखत असेल तर बहुतेक वेळा कारण एकच, एकदम खूप वाढवलं. आठवडाभर बसून रविवारी फुल ५ जोरात असं करण्यापेक्षा मधल्या दोन दिवशी वीस वीस मिनिटं चाला. दुखणं दोन आठवड्यांत गेलं नाही तर ग्रुपवर उपाय विचारत बसू नका, डॉक्टरकडे जा.

मी शेवटची आले म्हणून परत येत नाही

हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. आमच्याकडे शेवटी कोणी येतच नाही कारण सगळ्यात मागे एक व्हॉलंटिअर चालत असतो, तेच त्याचं काम, तो लाइन क्रॉस करेपर्यंत स्टॉपवॉच बंद होत नाही. ५५ मिनिटं लागू देत, तुमचं टोकन तुम्हाला मिळणार. मागे पडलात तर त्याच्याशी गप्पा मारत या, तो कंटाळत नाही, त्यासाठीच तो आलेला असतो.

आता शेवटची चूक, फक्त धावायलाच येणं. दहा रविवार धावलात तर एखादा रविवार व्हॉलंटिअरचं जॅकेट घालून उभे राहा. टोकन वाटणं सगळ्यात सोपं, पाच मिनिटांत शिकता येतं. दुखापत असेल, गरोदरपण असेल, नाइट शिफ्ट करून आला असाल तर खुर्चीवर बसून स्कॅनिंग करता येतं. वळणावर मार्शल म्हणून उभं राहायला फक्त आवाज लागतो. दहावीची मुलं येतात, रिटायर्ड माणसं येतात, माझ्या शेजारच्या टेबलावर बऱ्याचदा सासू सून जोडीने असतात. यायचं असेल तर गुरुवारपर्यंत नाव कळवा, कोणी काय करायचं त्याचं रोस्टर शुक्रवारी लागतं, आणि जमणार नसेल तर शनिवारी संध्याकाळच्या आत सांगा म्हणजे बदली माणूस शोधता येतो.