डीपी जहाजावर नवीन कॅप्टन? या चुका टाळा

सुट्टीवर नेरूळला असलो की नुकताच कॅप्टन झालेला कुणी ना कुणी घरी येतो. चहा पुढ्यात येतो आणि प्रश्न ठरलेला: "सर, डीपीवर सगळ्यात जास्त काय चुकतं?" नांगर न टाकता थ्रस्टरच्या (बाजूला ढकलणाऱ्या पंख्यांच्या) जोरावर, संगणकाच्या मदतीने जहाज जागच्या जागी धरायचं, ते डीपी, म्हणजे डायनॅमिक पोझिशनिंग. पोराला वाटतं, मी सॉफ्टवेअरचं काहीतरी सांगेन. मी विचारतो, "तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या कुठल्या बाजूला उभा राहतोस?"

वारा आणि स्वेल (लांबून येणाऱ्या मोठ्या लाटा) जिकडून येतात त्या बाजूला उभे असलात आणि वीज गेली, तर जहाज थेट प्लॅटफॉर्मवर जातं. आडोशाला असलात तर आपसूक लांब वाहतं. हे सगळ्यांना पाठ असतं. पण प्लॅटफॉर्मची आडोशाची क्रेन नेमकी बंद असते आणि रेडिओवर आवाज येतो, "कॅप्टनसाहेब, दहा मिनिटांचं काम आहे हो." २७ जुलै २००५ ला मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर असंच झालं. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या जखमी कुकला प्लॅटफॉर्मवर द्यायचं होतं, आडोशाची क्रेन मिळेना, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने लावलं. कुक वर पोचला. त्यानंतर जहाजाचं हेलिडेक (हेलिकॉप्टर उतरायचा मंच) रायझरवर, म्हणजे तेल-गॅसच्या उभ्या पाइपवर, आदळलं, गॅस पेटला आणि २२ माणसं गेली. "नाही" म्हणायचा सराव किनाऱ्यावरच करा. माझ्या मते कॅप्टनचं अर्धं काम तेच.

दुसरी चूक, डीपीच्या डेस्कवर सगळं हिरवं दिसलं की खुशाल राहणं. एका रात्री आमचं जहाज विनाकारण सरकायला लागलं. थ्रस्टर ठीक, वारा पडलेला. दुर्बीण लावली तर प्लॅटफॉर्मवर एक कामगार रेलिंगच्या कडेने निवांत चालला होता आणि प्लॅटफॉर्मवरच्या रिफ्लेक्टरवरून जागा मोजणारा आमचा लेझर त्याच्या बॉयलर सूटवरच्या चकाकत्या पट्टीच्या मागे! रिफ्लेक्टर माणसांच्या वाटेपासून दूर, उंचावर लावून घ्या. लेझर उड्या मारू लागला तर आधी तो रेफरन्समधून (डीपी ज्यांवरून जागा ठरवतं त्या साधनांतून) काढा, कारण मग शोधा. आणि दोन डीजीपीएस (उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रं) म्हणजे दोन साक्षीदार समजू नका. दोघं एकाच आकाशाकडे बघतात. एकदम चुकले तर संगनमताने खऱ्या लेझरलाच खोटं पाडतात.

घाईचंही तसंच. प्लॅटफॉर्मच्या ५०० मीटरच्या आत शिरण्याआधी चेकलिस्ट होते, पण सही करण्यापुरती. डीपीला वारा-पाणी ओळखायला निदान अर्धा तास द्या. मुंबई हायवर भरती-ओहोटीचा ओढा जोरदार असतो. तो फिरला की सकाळी बसलेलं गणित दुपारी बिघडतं, तेव्हा भरतीचं कोष्टक डेस्कवरच ठेवा. कॉन्सिक्वेन्स अलार्म वाजला तर नुसता बंद करू नका. आत्ता सगळं ठीक आहे, पण एक स्विचबोर्ड गेला तर जागा सुटेल, एवढंच तो सांगतो. तेवढं बाहेर यायला पुरेसं आहे.

विश्रांतीचं थोडक्यात: २४ तासांत किमान १० तास, आठवड्यात ७७. कागदावर नव्हे, खरोखर.

आणि डीपी लॉगबुक. डीपी चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट नवं करायला पाच वर्षांत १५० डीपी दिवस दाखवावे लागतात. साइन ऑफच्या (जहाज सोडायच्या) आदल्या रात्रीच पोरांची लॉगबुकं मागवून सह्या करून टाका. न्हाव्याच्या जेट्टीवर बॅग गाडीत टाकल्यावर आठवलं तर काही उपयोग नाही. तुमच्या दिवसांवर पुढचा कॅप्टन सही करत नाही.