घरात एकच कुत्रा ठेवायचाय? जात निवडताना या चुका टाळा

‘एकटा राहू शकेल असा कुत्रा सुचवा’ असं कुणी म्हटलं की मी आधी उलटा प्रश्न विचारते: घरात दुसरा प्राणी नाही, की दिवसभर माणूसही नाही? जातींच्या बहुतेक याद्या या दोन्ही गोष्टींची सरमिसळ करतात आणि पुढचे घोटाळे तिथूनच सुरू होतात. दुसऱ्या कुत्र्यावाचून बहुतेक कुत्र्यांचं काही अडत नाही. माणसावाचून मात्र अडतं.

आकार बघून जात ठरवणं

छोटा कुत्रा म्हणजे कमी कटकट, हा हिशेब सर्रास केला जातो. पण कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, माल्टीज, पग, शिह त्झू या जाती पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या सोबतीसाठीच जोपासल्या गेल्या. एकुलता प्राणी म्हणून त्या उत्तम, कारण त्यांना सोबत हवी असते ती तुमचीच. घर सकाळी नऊला बंद होऊन संध्याकाळी सातला उघडत असेल तर हाच लळा त्यांच्या मुळावर येतो.

आकारापेक्षा त्या जातीचं मूळ काम बघा. बीगल आणि फॉक्सहाउंड हे ताफ्याने शिकार करणारे. सायबेरियन हस्की बर्फावरच्या गाडीला इतरांच्या बरोबरीने जुंपला जाणारा. या मंडळींना संगत लागते. ती मिळाली नाही की बीगल जो हेल काढतो तो वरच्या-खालच्या मजल्यावरही पोचतो. तुम्ही घरून काम करणार असाल आणि रोज भरपूर फिरवणार असाल तर गोष्ट वेगळी.

टेरियरचं उलट. यातल्या अनेक जाती बिळात शिरून उंदराशी, कोल्ह्याशी भिडण्यासाठी तयार झाल्या. घरात दुसरा प्राणी नसणं त्यांना खटकत नाही. ससा किंवा हॅमस्टर तर नसलेलाच बरा. अकिता ही जपानी जात याच्याही पुढे: आपली माणसं सोडली तर कुणात फारसा रस नाही आणि आपल्याच लिंगाच्या कुत्र्याशी अनेकदा उभा दावा. १९२५ मध्ये मालक वारल्यावर १९३५ पर्यंत टोकियोच्या शिबुया स्टेशनवर त्याची वाट पाहणारा हाचिको याच जातीचा. पण अकिता ताकदवान आणि हट्टी असतो, पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बासेन्जी सहसा भुंकत नाही म्हणून फ्लॅटसाठी सुचवला जातो. कंटाळल्यावर तो सोफ्याची काय दशा करतो, ते कुणी सांगत नाही.

शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड घरात अगदी आळशी असतो, हे खरं. मात्र त्याचं आयुष्य इतर ग्रेहाउंडबरोबर गेलेलं असतं, त्यामुळे एकटं राहणं त्याला शून्यापासून शिकवावं लागतं.

सगळा भार जातीवर टाकणं

‘सायन्स’ नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने उलगडतो, असं त्यात दिसलं. म्हणजे मूळ काम हा फक्त अंदाज. समोरचा कुत्रा कसा आहे ते पाहावंच लागतं. म्हणूनच एकच कुत्रा हवा असेल तर मी दोन-तीन वर्षांचा, कुणाच्या तरी घरी तात्पुरता सांभाळलेला कुत्रा दत्तक घ्या म्हणते. तो एकटा कसा राहतो, हे सांभाळणाऱ्याला विचारता येतं. पिल्लाबद्दल हे कोण सांगणार?

‘एकटाच आहे, त्याला इतर कुत्रे कशाला?’

साधारण ३ ते १४ आठवडे हे पिल्लाचं जग ओळखायचं वय. एकुलत्या पिल्लाला घरात कुत्र्यांची रीतभात शिकवणारं कुणी नसतं. लसीकरण झालेला, शांत स्वभावाचा एखादा मोठा कुत्रा अधूनमधून भेटला तरी पुरे. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कडेवर घेऊन बाहेरचे आवाज, माणसं, गाड्या दाखवा.

तक्रार आली की दुसरा कुत्रा आणणं

शेजारी म्हणाले, ‘तुमचा कुत्रा फार रडतो’, तर आधी फोन रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. पहिल्या अर्ध्या तासातच लाळ गळणं, दाराची चौकट ओरबाडणं, शिकवलेलं असूनही घरातच शू करणं दिसलं तर प्रकरण विरहाच्या भीतीचं असू शकतं. दोन तास झोप काढून मग चप्पल शोधत असेल तर तो बहुधा नुसता कंटाळा.

कंटाळ्यावर उपाय सोपा: निघण्याआधी मनसोक्त हुंगू देणारी फेरी आणि टॉवेलच्या घड्यांत लपवलेला खाऊ. भीतीवर मात्र वेळ द्यावा लागतो. किल्ली उचला, परत ठेवा. दाराबाहेर काही सेकंद थांबा, तो घाबरायच्या आत परत या आणि वेळ हळूहळू वाढवा. जमत नसेल तर व्हेटला दाखवा. काहींना औषधाची जोड लागते. रागावू नका, त्याने भीती वाढते. दुसऱ्या कुत्र्याने हे सहसा सुटत नाही, कारण त्याला हवे असता तुम्ही.

हे सगळं सुरळीत असूनही दुसरा कुत्रा हवासा वाटला, तर ओळखीतला कुत्रा आधी आठवडाभर पाहुणा म्हणून आणा. पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही नसलेल्या जागी. घरी दोघांची भांडी वेगळ्या खोल्यांत, आणि तुमचा अकिता असेल तर पाहुणा विरुद्ध लिंगाचाच निवडा.