जॉर्ज कॅमसेलबद्दल लिहिताय? मग या चुका टाळा

1920-30 च्या काळातला इंग्लिश फुटबॉलर जॉर्ज कॅमसेल, ह्याचं नाव आलं की मागोमाग त्याच काळातला दुसरा गोलस्कोरर डिक्सी डीन येतोच. 1926-27 ला कॅमसेलने मिडल्सब्रो क्लबकडून लीगमध्ये 59 गोल ठोकले, पुढच्याच सीझनला एव्हर्टनच्या डीनने 60 केले आणि रेकॉर्ड गेलं, बिचारा कॅमसेल, एवढं लिहून लोक मोकळे होतात. पण 59 गोल सेकंड डिव्हिजनमधले होते आणि त्या लेव्हलचं रेकॉर्ड आजही कॅमसेलच्याच नावावर आहे, डीनचे 60 त्याच्या वरच्या, म्हणजे फर्स्ट डिव्हिजनचे. आणि काही जण डीनच्या 60 ला सरसकट 'ब्रिटिश रेकॉर्ड' करून टाकतात, तेही नको, कारण त्याच 1927-28 ला स्कॉटलंडच्या सेकंड डिव्हिजनमध्ये एअर युनायटेडच्या जिमी स्मिथने 66 मारलेत.

59 चा आकडा देताना 1925 चा ऑफसाइडचा बदल बहुतेक जण विसरतात. आधी बॉल पास होताना तुमच्या आणि गोललाइनच्या मध्ये समोरच्या टीमचे तीन प्लेयर लागायचे, नाहीतर ऑफसाइड, 1925 ला ते दोनवर आणले आणि सगळीकडे गोलांचा पाऊस सुरू झाला, एकट्या मिडल्सब्रोचेच त्या सीझनला 122 गोल झाले. म्हणून कॅमसेलचं काम सोपं होतं असं मात्र नाही हां. 42 पैकी 37 मॅच खेळून 59, त्यात 9 हॅटट्रिक, आणि 1926 च्या ख्रिसमसच्या दिवशी मँचेस्टर सिटीच्या घरी जाऊन 5-3 ने जिंकले तेव्हा पाचही गोल ह्याचेच.

ही सिटीची गोष्ट निघालीच आहे तर माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक सांगतो. जुनं पॉइंट्स टेबल आजच्या नियमाने लावायचं नाही. तेव्हा विनला 2 पॉइंट असायचे आणि दोन टीमचे पॉइंट सारखे झाले की गोल डिफरन्स (केलेले वजा खाल्लेले) नाही तर गोल ॲव्हरेज बघायचे, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. त्या सीझनला मिडल्सब्रो 62 पॉइंट घेऊन पहिले आले, मागे पोर्टस्मथ आणि सिटी दोघांचे 54. सिटीचे गोल 108-61, पोर्टस्मथचे 87-49. कॅल्क्युलेटर काढा, सिटी 1.7705 आणि पोर्टस्मथ 1.7755, झालं, पोर्टस्मथ दुसरे येऊन फर्स्ट डिव्हिजनला गेले. आजच्या हिशोबाने सिटी +47 आणि पोर्टस्मथ +38, म्हणजे निकालच उलटा लागला असता!

एवढा स्कोरर होता म्हणजे टीम पण टॉपला असणार, हाही एक गैरसमज. 1927-28 ला फर्स्ट डिव्हिजनमध्ये कॅमसेलने 33 गोल केले आणि मिडल्सब्रो तळाला जाऊन रेलिगेट झाले (परत सेकंड डिव्हिजनला गेले), त्याच सीझनला डीनच्या 60 गोलांवर एव्हर्टन चॅम्पियन. पुढच्या वर्षी ह्याने 30 मारून टीमला परत वर आणलं ते मात्र कुणी लिहीत नाही.

आता इंग्लंड. 9 मॅच, 18 गोल, एकही मॅच गोलाशिवाय नाही. हे वाचून लोक थेट 'डीनपेक्षा भारी' म्हणतात (डीनचे 16 मॅचमध्ये 18). थोडं थांबा, 18 पैकी 9 गोल फ्रान्स आणि बेल्जियमविरुद्धचे आहेत, 1929 च्या मे महिन्यात तर दोन दिवसांच्या अंतराने दोघांशी खेळून 6 केले. पण 1935 ला जर्मनीला 3-0 हरवलं त्यातले दोन गोल पण ह्याचेच, तेही विसरू नका. नोव्हेंबर 1929 ला वेल्सविरुद्ध हॅटट्रिक केली आणि पुढची मॅच थेट डिसेंबर 1933 ला! इथे 'मॅनेजरने ड्रॉप केलं' असं लिहू नका, इंग्लंडला तेव्हा मॅनेजरच नव्हता, पहिला मॅनेजर वॉल्टर विंटरबॉटम 1946 ला आला, टीम कमिटी निवडायची. वर्ल्ड कप का नाही खेळला, हा प्रश्न पण नको. 1928 ला इंग्लंड फिफातून बाहेर पडलं होतं, त्यामुळे 1930, 34, 38 तिन्ही वेळा टीमच गेली नाही.

बारीकसारीक गोष्टी पण सांभाळा. 'नंबर 9 कॅमसेल' लिहू नका, लीगमध्ये शर्टवर नंबर कंपलसरी झाले 1939 ला. 'सब (बदली प्लेयर) म्हणून आला', 'असिस्ट (गोलचा पास) दिला', असलंही लिहू नका, तेव्हा सब नव्हते आणि असिस्ट मोजत नसत. मिडल्सब्रोचं ग्राउंड तेव्हा एअरसम पार्क होतं, आत्ताचं रिव्हरसाइड 1995 चं आहे. कॅमसेलचा आधीचा क्लब डरहॅम सिटी बघून 'लोकल लेव्हल' म्हणू नका, तेव्हा ते फुटबॉल लीगच्या थर्ड डिव्हिजन नॉर्थमध्ये होते, 1928 ला बाहेर पडले.

आणि टोटल लिहिताना लीग आणि कप वेगळे ठेवा. मिडल्सब्रोकडून लीगचे 325, एफए कप धरून 345. दोन साइटवर दोन आकडे दिसले की लगेच 'रेकॉर्ड वादग्रस्त' अशी हेडलाइन देऊ नका, वाद कुठलाच नाही, मधले 20 गोल कपचे आहेत.